बाळाला दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा कधी न्यावं, आणि विम्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १४ महिन्यांची. वर चार आणि खाली चार दात आलेत, रात्री दोन-तीनदा दूध पिते. घरातली मोठी माणसं म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, शाळेत जायला लागली की बघू. वडिलांच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे, पण त्यात दात बसत नाहीत असं कळलंय. तर आधी दातांचा वेगळा विमा घ्यावा आणि तो सुरू झाल्यावर डॉक्टरकडे जावं का?

याच महिन्यात न्या. विम्यासाठी एक आठवडासुद्धा थांबू नका. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली तपासणी व्हावी, असा बालदंतरोगतज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला आहे. म्हणजे तुम्हाला थोडा उशीरच झालाय, पण हातून काही गेलेलं नाही. विम्याचं उत्तर वेगळं आहे. आपल्याकडे दाताच्या नेहमीच्या उपचारांना विमा फारसा उपयोगी पडत नाही. बाळासाठी आरोग्य विमा जरूर घ्या, पण तो दातांसाठी नव्हे.

"पडणारच आहेत" हे समोरच्या दातांपुरतं बरोबर आहे. ते सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यातली एखादी पाचव्या वर्षीच काढावी लागली, तर तिच्या मागे सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग तो दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तारा लावायची वेळ येते. शिवाय दुधाच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण आवरण, कायमच्या दातापेक्षा जवळजवळ निम्मं पातळ असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ असते. मोठ्या माणसाच्या दातात जी कीड नसेपर्यंत पोचायला वर्षं घेते, ती लहान मुलात काही महिन्यांत पोचते. "दिवाळीला छोटासा डाग होता, शाळा सुरू होईपर्यंत गाल सुजला" असं होतं ते यामुळेच.

तुमच्या मुलीच्या बाबतीत खरी काळजी रात्रीच्या दुधाची आहे. झोपेत लाळ कमी होते. दूध वरच्या समोरच्या दातांमागे साचतं, जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि ते धुऊन न्यायला लाळ नसते. म्हणून या वयातली कीड जवळजवळ नेहमी वरच्या चार समोरच्या दातांपासून, हिरडीच्या कडेला सुरू होते. खालचे समोरचे दात जिभेखाली झाकलेले आणि लाळेत बुडालेले असतात, त्यामुळे ते बहुतेक वेळा वाचतात.

हे घरीच बघता येतं. महिन्यातून एकदा भरपूर उजेडात वरचा ओठ वर उचला, दात कापडानं कोरडे करा आणि हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसते का ते पाहा. ती रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी, आणि हीच एक पायरी मागे फिरवता येते. पिवळा-तपकिरी खड्डा पडला की पोकळी झाली. तीन वर्षांखालच्या मुलाच्या दाताच्या गुळगुळीत भागावर एवढंसं जरी दिसलं, तरी ते तीव्र बालकीड या वर्गात मोडतं. थांबून बघण्यासारखं नसतं. लोहाचे थेंब चालू असतील तर दातांवर काळा थर येतो. तो वरवरचा असतो आणि डॉक्टर साफ करून देतात. काळं दिसलं की थेंब बंद करायचे, असं करू नका.

स्तनपान बंद करायला मी सांगत नाही. ते दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवावं असाच सल्ला आहे. बदल करायचा तो इतकाच: संध्याकाळचं जेवण, मग दूध, मग दात घासणं आणि मग झोप, हा क्रम पक्का करा. घासल्यानंतर फक्त पाणी. रात्री अंगावर पाजावंच लागलं तर झोपेतच तोंडात राहू देऊ नका. पिणं थांबलं की अलगद सोडवा आणि ओल्या मऊ कापडानं वरचे दात पुसा. बाटली असेल तर तिचा निर्णय सोपा आहे, बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती पूर्ण जायला हवी. एकदम बंद केली तर घरभर रडारड होते. त्यापेक्षा आधी दुधातली साखर आणि चवीची पावडर काढा, मग आठ-दहा दिवसांत रात्रीच्या बाटलीत दूध कमी आणि पाणी जास्त करत न्या, शेवटी नुसतं पाणी ठेवा. बहुतेक मुलं नुसत्या पाण्यासाठी उठणं आपोआप सोडतात. चोखणीला मध लावणं पूर्ण बंद. एक वर्षाच्या आत तर मध बोट्युलिझमच्या धोक्यामुळेही देऊ नये.

आता घासण्याबद्दल. पहिला दात आला त्या दिवसापासून फ्लोराइड असलेली पेस्ट वापरायची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दिसते तेवढी कधीच नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत इथे होते, कारण लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा निम्मं असतं. पुढचं चित्र न बघता मागचं लेबल वाचा. सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट ०.७६ टक्के लिहिलं असेल तर ती सुमारे १००० पीपीएमची (पेस्टच्या दहा लाख भागांत १००० भाग फ्लोराइड) पेस्ट, आणि तीच हवी. ०.११ किंवा ०.३८ टक्के असेल तर ती ५०० पीपीएमची. तिचा फायदा कमी. दाण्याएवढी १००० पीपीएमची पेस्ट गिळली गेली तरी त्यातलं फ्लोराइड एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे घाबरू नका. ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

याला एक अपवाद आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या कायमच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. बोअरचं पाणी पीत असाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड आलं तर आधी पिण्याचं पाणी बदला आणि पेस्टबद्दल तुमच्या डॉक्टरांना तो अहवाल दाखवून विचारा.

घासताना मुलीचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड छताकडे, तुम्ही डोक्याच्या मागे. डाव्या हाताच्या बोटानं ओठ उचला, हिरडी आणि दात मिळतात तिथे ब्रश ठेवा आणि छोटे गोल फिरवा. आठ दातांना अर्धा मिनिट पुरतं. सकाळपेक्षा रात्रीचं घासणं महत्त्वाचं. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांचंच आहे. मूल स्वतः घासेल, पण नंतर एक हात तुमचा फिरला पाहिजे. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तर "दात येताना आराम पडतो" म्हणून ती बाळाच्या हिरडीला लावू देऊ नका. ती जाळलेली तंबाखूच आहे. सुन्न करणारी बेन्झोकेनची जेलही दोन वर्षांखाली नको. क्वचित का होईना, ती रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, फार तर अंग कोमट लागतं. जुलाब किंवा ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप दातांमुळे नसतो. त्याला बालरोगतज्ज्ञ लागतात.

डॉक्टर निवडताना फोनवर एकच प्रश्न विचारा: "एक वर्षाचं बाळ तपासता का?" पेडोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. केलेले बालदंतरोगतज्ज्ञ मिळाले तर उत्तम, पण लहान मुलं रोज बघणारे बी.डी.एस. डॉक्टरही पहिल्या तपासणीला पुरेसे असतात. "तीन वर्षांची झाली की आणा" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. खर्च परवडण्याचा प्रश्न असेल तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय या ठिकाणी बालदंत विभाग आहेत. खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात, मात्र वेळ जास्त द्यावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते, दातांची कीड आणि दुभंगलेले ओठ-टाळू या दोन्ही गोष्टी त्याच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलीला नक्की पाठवा.

वेळ सकाळची घ्या, झोप झालेली असताना. दूध पाजून तासभर गेला असेल तर उलटी होत नाही. बरोबर लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची यादी आणि घरात वापरता ती पेस्टची ट्यूब न्या. अनेक सिरपांत साखर असते, म्हणून औषधांची यादी लागते. तिथे मुलीला एकटीला खुर्चीत बसवत नाहीत. तुम्ही आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसता. मुलगी तुमच्याकडे तोंड करून, पाय तुमच्या कमरेभोवती. मग तिला मागे झुकवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर घेतात. दोन-तीन मिनिटांचं काम. ती रडेल. या वयात ते अपेक्षितच आहे आणि रडताना तोंड उघडं राहतं, त्यामुळे तपासणी नीट होते. घरी मात्र "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य कुणाच्याही तोंडून येता कामा नये. "अजिबात दुखणार नाही" हेही नको. दुखण्याचा विचार मुलीच्या मनात नसतो, तो आपण घालतो.

सगळं ठीक असेल तर फ्लोराइड व्हार्निशचा पातळ थर लावतात, तोही दर तीन ते सहा महिन्यांनी. एका वेळी पाव मिलिलिटर पुरतं. त्यानंतर चार तास कडक किंवा गरम खाणं नको आणि त्या रात्री घासायचं नाही. खड्डे पडलेले असतील पण नसेपर्यंत गेलेले नसतील, तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड जागीच थांबवता येते. ना सुई लागते ना ड्रिल, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधी घरच्या मोठ्यांना दाखवून, समजावून, मगच संमती द्या. नंतर आजी-आजोबांना "डॉक्टरनं दात काळे केले" असं वाटतं आणि पुढच्या भेटी तुटतात. कीड नसेपर्यंत पोचली तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनाल करून कॅप बसवावी लागते. आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडलेले असतील, तर सगळं एकदम पूर्ण भूल देऊन करणंच सुरक्षित ठरतं.

इथे पैशांचा विषय येतो. पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत तपासणीला साधारण तीनशे ते आठशे रुपये लागतात, व्हार्निशला हजार-दोन हजार. दुधाच्या एका दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप मिळून सहा ते दहा हजारांच्या आसपास जातं, आणि भूल देऊन केलेलं संपूर्ण काम लाखाच्या घरात. म्हणूनच चौदाव्या महिन्यातली तपासणी हीच सर्वांत स्वस्त पॉलिसी आहे असं मी ठामपणे सांगतो.

आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यात दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात दाताला इजा झाली आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ते धरतात. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीला द्यावी लागणारी आरोग्य संजीवनी पॉलिसी थोडी उदार आहे. तिच्यात आजार किंवा इजेमुळे करावे लागणारे दातांचे उपचार रुग्णालयाच्या खर्चात धरतात, पण दाखल होणं गरजेचं आणि ५ टक्के रक्कम तुमच्या खिशातून. दवाखान्यातलं दात भरणं, व्हार्निश, तारा हे कुठेच नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही मोठ्या उपचारांसाठी आहे, रोजच्या दात भरण्यासाठी नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून आणि कामगार विमा असलेल्यांना ईएसआयच्या रुग्णालयांतून दातांचे उपचार मिळतात. घरात कुणाला हा हक्क असेल तर आधी तो वापरा.

मग वेगळा ओपीडी किंवा डेंटल रायडर, म्हणजे जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडायचं संरक्षण? हिशोब करून बघा. समजा जादा हप्ता ४,००० रुपये आहे, ओपीडीची मर्यादा ५,००० आणि त्यातही दातांची पोटमर्यादा २,०००. म्हणजे डॉक्टरांच्या इतर भेटींसाठी तो पूर्ण वापरला तरच पैसे सुटतात. पोटमर्यादा, वेटिंग पिरियड (दावा करता येण्याआधी थांबायचा काळ) आणि ठरावीक दवाखान्यांची अट हे तीन मुद्दे लेखी मागा. काही दवाखाने "वार्षिक डेंटल प्लॅन" विकतात. तो विमा नसून आगाऊ भरलेली फी आहे. दवाखाना बंद पडला किंवा तुम्ही घर बदललं तर काय, ते आधी विचारा. त्यापेक्षा महिना ५०० रुपये वेगळे टाका. वर्षाचे ६,००० होतात, त्यात दोन तपासण्या आणि दोन व्हार्निश बहुधा निघतात.

बाळाचं नाव आरोग्य विम्यात आहे का, हे मात्र आजच तपासा. कंपनीच्या गट विम्यात बाळ बहुधा पहिल्या दिवसापासून बसतं, पण जन्मानंतर ठरावीक मुदतीत, अनेक ठिकाणी ३० दिवसांत, एचआरला कळवावं लागतं. ती मुदत हुकली असेल तर नूतनीकरणाची तारीख विचारून ठेवा. स्वतःच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) बाळाला साधारण ९१व्या दिवसापासून घेतात. नोकरी बदलली की गट विमा जातो, म्हणून छोटा का होईना स्वतःचा फ्लोटर असावा. आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका लवकर संपतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून, पटली नाही तर परत करता येते. त्या दिवसांत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दातांबद्दलचं वाक्य शोधा.

भूल देऊन काम करायची वेळ आली तर आधी कंपनीला लेखी विचारा, आणि शस्त्रक्रिया कुठे होणार तेही सांगा. दातांचा दवाखाना पॉलिसीतल्या "रुग्णालय" किंवा "डे केअर सेंटर" या व्याख्येत बसला नाही, तर बाकी सगळं बरोबर असूनही दावा अडकतो.

पडून दात लागला तर वेगळी घाई असते. दुधाचा दात पूर्ण बाहेर आला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला धक्का लागतो. पण त्याच दिवशी दाखवा, कारण तुकडा आत राहिलाय की दात हिरडीत घुसलाय हे बाहेरून कळत नाही. कायमचा दात निघाला तर तो मुळाशी न धरता वरच्या भागाला धरा, मळ लागला असेल तर थंड दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून जागेवर बसवा. जमत नसेल तर गार दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठा. दाव्यासाठी केसपेपरवर "पडल्यामुळे इजा", तारीख, वेळ आणि दाताचा क्रमांक डॉक्टरांकडून त्याच वेळी लिहून घ्या. नंतर घातलेली ओळ कंपनी मानत नाही. दावा नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी गणित उलटं आहे. तिथे मुलांचा दंतविमा उपयोगी असतो आणि बहुतेक प्लॅन वर्षातल्या दोन तपासण्या पूर्ण देतात. नोकरीच्या प्लॅनमध्ये बाळाचं नाव जन्मापासून ३० दिवसांत घाला, आणि ते आरोग्य व दंत अशा दोन्ही ठिकाणी वेगवेगळं घालावं लागतं का ते तपासा. उत्पन्न कमी असेल तर मेडिकेड आणि चिप या सरकारी योजनांमध्ये मुलांचे दंतोपचार येतात. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालच्यांना एनएचएसचे दंतोपचार मोफत आहेत. अडचण नोंदणी घेणारा दवाखाना मिळण्याची असते, म्हणून पहिला दात यायची वाट न बघता यादीत नाव घाला.

पहिल्या भेटीनंतर दर सहा महिन्यांनी जा. पांढऱ्या रेघा किंवा खड्डे असतील तर दर तीन महिन्यांनी. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात आणि दाढा एकमेकींना चिकटल्या की मधल्या फटीत धागा फिरवायला लागा. साडेपाचव्या वर्षापासून शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बोटानं चाचपत राहा. तिथे नवी दाढ येते ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते आणि दुर्लक्षात किडते. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे कीड रोखणारा पातळ थर, भरून घ्या.